विद्यापीठातील व्यक्तिगत कागदपत्रांचे अभिलेखागार : कोणते काम आधी, कोणते नंतर

विद्यापीठाच्या अभिलेखागारात व्यक्तिगत कागदपत्रे बहुधा घाईत येतात. एखादे ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त होतात आणि त्यांची खोली आठवडाभरात रिकामी करून द्यायची असते. एखाद्या लेखिकेच्या निधनानंतर घर विकायचे ठरते आणि माळ्यावरच्या पेट्यांचे काय करावे हे वारसांना उमगत नाही. अशा वेळी ‘आधी आणून ठेवू, मग पाहू’ असे ठरते. हा निर्णय सद्भावनेने घेतलेला असला तरी न उघडलेल्या खोक्यांच्या रांगा याच वाटेने उभ्या राहतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्या खोक्यांत काय आहे, ती कोणी दिली आणि ती कोणाला दाखवता येतील, हे सांगणारे कोणीही उरत नाही. म्हणून प्राधान्यक्रम ठरवताना माझ्या मते एकच कसोटी सतत समोर ठेवावी : जे आपण स्वीकारतो ते सांभाळून, त्याची सूची करून, अभ्यासकाच्या हाती देण्याची आपली कुवत किती आहे? पुढील सर्व पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : हाती काय आहे ते मोजणे

नवे काही आणण्यापूर्वी संपूर्ण साठ्याची पाहणी करावी. प्रत्येक संग्रहासाठी तक्त्यात एकच ओळ पुरते : संग्रह कोणाचा, कधी आला, कोणी दिला, लेखी करार आहे की नाही, फळीवर त्याने किती मीटर लांबी व्यापली आहे, सूची कोणत्या अवस्थेत आहे, कागदांची प्रकृती कशी आहे, फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क किंवा कॅसेट किती आहेत, आणि गेल्या काही वर्षांत तो कोणी मागितला का. ही पाहणी करताना कागद लावत बसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण एकाच खोक्यात रमलेला माणूस वर्षभरात साठ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचत नाही. खोके उघडावे, वरवर पाहावे, नोंद करावी आणि पुढे जावे.

पाहणी संपली की तीन गोष्टी स्पष्ट दिसू लागतात : करार नसलेले संग्रह, सूची नसलेले संग्रह आणि ज्यांचे माध्यमच मरत चालले आहे असे संग्रह. यांपैकी तिसरा गट सर्वांत निकडीचा असतो, कारण करार दोन वर्षांनीही करता येतो आणि सूचीही नंतर होते, परंतु वाचता न येणारी चुंबकीय फीत पुन्हा वाचती होत नाही.

काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही

संग्रहधोरण लेखी असावे, दोन-तीन पानांचे असावे आणि विद्यापीठाच्या अधिकारमंडळाने ते संमत केलेले असावे. धोरण लेखी नसेल तर प्रत्येक नकार व्यक्तिगत वाटतो आणि प्रत्येक होकार दबावाखाली दिला जातो. धोरणात सर्वप्रथम एक सीमा आखावी लागते. प्राध्यापकांच्या कपाटात त्यांची खाजगी पत्रे, टिपणवह्या, लेखांचे खर्डे आणि छायाचित्रे असतात. त्याच कपाटात समित्यांची इतिवृत्ते, विभागाचा पत्रव्यवहार आणि परीक्षांचे दस्तऐवजही असतात. हा दुसरा भाग संस्थेच्या मालकीचा असतो, त्याचे दान होऊ शकत नाही, आणि त्याला संस्थेच्या दस्तऐवजांचे नियम लागू होतात. ही विभागणी कागद आणण्यापूर्वी, शक्यतो मूळ खोलीतच, मालकाच्या उपस्थितीत केली तर पुढचे अनेक वाद टळतात.

त्यानंतर विषय निवडावेत. विद्यापीठाचे संशोधन जिथे बळकट आहे आणि जिथे ते पुढेही चालू राहणार आहे, असे चार-पाच विषय पुरेसे आहेत. अमेरिकेतील अभिलेखतज्ज्ञ हेलन सॅम्युअल्स यांनी १९८६ मध्ये असा विचार मांडला की, आधुनिक काळातील एखाद्या घडामोडीचे पुरावे एका संस्थेत सामावत नाहीत; ते अनेक ठिकाणी विखुरलेले असतात, म्हणून संस्थांनी आपसांत बोलून कोणी काय जपायचे हे ठरवले पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ असा की, एखाद्या शास्त्रज्ञाची निम्मी पत्रे दुसऱ्या संस्थेत आधीच असतील तर उरलेली आपल्याकडे ओढण्याऐवजी त्या संस्थेकडे बोट दाखवणे अधिक योग्य ठरते. संग्रह दुभंगला की अभ्यासकाला दोन प्रवास करावे लागतात आणि दोन्ही संस्थांच्या सूच्या अपुऱ्या राहतात.

धोरणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. जे आपणहून देऊ करतात, त्यांचेच कागद घेत राहिलो तर संग्रहात नामवंतांची, दीर्घायुषी माणसांची आणि मोठी घरे असणाऱ्यांचीच गर्दी होते. प्रयोगशाळेत तीस वर्षे उपकरणे सांभाळणारा तंत्रज्ञ, कायम हंगामी पदावर राहिलेली संशोधिका, विद्यार्थी चळवळीत पत्रके लिहिणारा कार्यकर्ता, यांच्याकडेही पेट्या असतात. मात्र त्या कोणाला हव्या असतील असे त्यांना वाटत नाही. दरवर्षी किमान एक-दोन संग्रह आपण स्वतः शोधून, घरी जाऊन, विश्वास मिळवून आणायचे, असे धोरणातच लिहून ठेवावे. त्यासाठी वेळ राखून ठेवला नाही तर तो कधीच मिळत नाही.

मूल्यनिर्धारणाबाबत, म्हणजे काय जपायचे आणि काय वगळायचे हे ठरवण्याबाबत, अभिलेखशास्त्रात जुना मतभेद आहे. इंग्लंडच्या हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ मध्ये असे प्रतिपादन केले की, काय नष्ट करायचे हे अभिलेखपालाने ठरवू नये. १९५६ मध्ये अमेरिकेच्या टी. आर. शेलेनबर्ग यांनी निवड हे अभिलेखपालाचे कामच आहे, असे ठामपणे मांडले. व्यक्तिगत कागदपत्रांच्या बाबतीत मी शेलेनबर्गच्या बाजूने आहे. छापील पुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या प्रती, लेखांच्या छायाप्रती, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, घरखर्चाची नेहमीची बिले यांना बहुतेक वेळा जागा देऊ नये. पुस्तकाच्या समासात लिहिलेल्या टिपा असतील किंवा हिशेबांतून एखाद्या संशोधनाचा वा छपाईचा इतिहास उलगडत असेल, तर गोष्ट वेगळी. काय वगळले आणि का, याची एक ओळ मात्र संग्रहाच्या धारिकेत अवश्य लिहावी.

दात्याशी करार

जर्मन भाषेतील लेखक फ्रान्झ काफ्काच्या हस्तलिखितांचे उदाहरण येथे बोलके आहे. आपले अप्रकाशित लेखन जाळून टाकावे, असे काफ्काने मित्र माक्स ब्रोड यांना लिहून ठेवले होते. १९२४ मध्ये काफ्का वारला, ब्रोड यांनी ती इच्छा मानली नाही, आणि १९६८ मध्ये ब्रोड यांच्या निधनानंतर त्यांच्या कागदांची मालकी नेमकी कोणाची व ते कोणत्या ग्रंथालयात जावेत, यावर असा वाद पेटला की अखेर इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बाजूने निर्णय दिला. मृत्युपत्रातील संदिग्ध शब्दांमुळे कागद जवळपास अर्धशतक अधांतरी राहू शकतात.

करारात पहिली गोष्ट मालकीची. कागद दान दिले आहेत, विकले आहेत की केवळ ठेव म्हणून ठेवले आहेत, हे एका वाक्यात निःसंदिग्धपणे यावे. ठेवी शक्यतो स्वीकारू नयेत; आपण खर्च करून सूची केली, खोकी बदलली, आणि दहा वर्षांनी वारस संग्रह परत मागायला आले, तर तो सारा खर्च वाया जातो. ठेव घ्यावीच लागली तर तिला मुदत असावी आणि मुदत संपताना काय होईल हे लिहिलेले असावे.

दुसरी गोष्ट स्वामित्वहक्काची. कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दात्याला आलेल्या पत्रांचे कागद दात्याचे असले तरी त्यांतील मजकुराचा हक्क पत्रलेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, आणि दाता तो आपल्याला देऊ शकत नाही. स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार हा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतो. अनेक देशांत ही मुदत याहून मोठी आहे. दात्याने स्वतःच्या लेखनाचा हक्क विद्यापीठाला द्यावा, किंवा निदान जतनासाठी प्रती काढण्याची आणि संशोधनासाठी त्या देण्याची परवानगी द्यावी, अशी तरतूद करून घ्यावी. इतरांच्या मजकुराबाबत परवानगी मिळवण्याची जबाबदारी प्रकाशन करणाऱ्या अभ्यासकावर राहील, हे वाचनालयाच्या नियमांत नमूद करावे.

तिसरी गोष्ट बंधनांची. ‘कुटुंबाच्या परवानगीशिवाय दाखवू नये’ असे वाक्य कधीही मान्य करू नये. कुटुंब पांगते, पत्ते बदलतात, आणि तीस वर्षांनी परवानगी कोणाकडे मागायची हेच कळत नाही. बंधन हवेच असेल तर ते ठरावीक कागदांपुरते असावे आणि ते संपण्याची तारीख करारात असावी. दात्याला हे समजावून सांगताना वेळ द्यावा लागतो. पहिल्याच भेटीत सही घेण्याची घाई करू नये. शोकात असलेल्या माणसासमोर करार ठेवणे मला योग्य वाटत नाही, आणि अशा सहीवर पुढे कोणी बोट ठेवले तर उत्तर देणे कठीण जाते.

याखेरीज नको असलेले कागद परत करायचे की नष्ट करायचे, डिजिटल प्रती संकेतस्थळावर ठेवता येतील का, पुसलेल्या फायली परत मिळाल्या तर त्यांचे काय करायचे, आणि नंतर सापडलेले कागदही याच करारात येतील का, एवढे मुद्दे आले की करार पुरेसा होतो. जुन्या, करार नसलेल्या संग्रहांसाठी हयात दात्यांना वा वारसांना आताच पत्रे पाठवावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण दर वर्षी उत्तर देऊ शकणारी माणसे कमी होत जातात.

साचलेल्या कामाचा निपटारा

अनेक अभिलेखागारांत थोडे संग्रह अत्यंत बारकाईने लावलेले असतात आणि बाकीच्यांची नोंदसुद्धा कुठे सापडत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत मार्क ग्रीन आणि डेनिस मिस्नर यांनी या सवयीवर नेमके बोट ठेवले. प्रत्येक टाचणी काढणे, प्रत्येक कागद नव्या लखोट्यात घालणे आणि प्रत्येक पत्राची स्वतंत्र नोंद करणे यात वेळ जातो आणि अभ्यासक ताटकळत राहतात. म्हणून विसाव्या शतकातील मोठ्या संग्रहांसाठी प्रति घनफूट सुमारे ४ तासांत काम व्हावे, असे त्यांनी सुचवले. हा आकडा जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. नाजूक कागद, अनेक लिप्या, गोपनीय मजकूर असेल तर जास्त वेळ द्यावाच लागतो. तरीही त्यांचे तत्त्व माझ्या मते सर्वथा योग्य आहे : सर्व संग्रहांची ढोबळ सूची आधी, निवडकांची सखोल सूची नंतर.

ढोबळ सूचीत किमान काय असावे, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या वर्णनमानकात आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत २६ घटक आहेत. त्यांपैकी केवळ ६ अत्यावश्यक मानले आहेत : संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, कालावधी, व्याप्ती आणि वर्णनाची पातळी. या सहा घटकांना दात्याच्या जीवनाचा एक परिच्छेद, संग्रहातील विषयांचा एक परिच्छेद आणि पाहण्याच्या अटींची एक ओळ जोडली, की अभ्यासक प्रवासाला निघायचे की नाही हे ठरवू शकतो. अशी नोंद अनुभवी माणूस अर्ध्या-एक दिवसात करतो. सूचीच्या कामात दुसऱ्या वर्षअखेरपर्यंत साठ्यातील प्रत्येक संग्रहाची एवढी नोंद सार्वजनिक सूचीत येणे, हे एकच लक्ष्य पुरेसे आहे.

लावणी करताना मूळ क्रम शक्यतो मोडू नये. एका व्यक्तीचे वा संस्थेचे कागद एकत्रच राहावेत हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या परिपत्रकाने रूढ झाले आणि नेदरलँड्समधील तीन अभिलेखपालांच्या १८९८ च्या मार्गदर्शिकेने मूळ क्रमाच्या नियमासह ते पक्के केले. व्यक्तिगत कागदांत मूळ क्रम अनेकदा विस्कळीत दिसतो. पण लेखाच्या खर्ड्यात अडकवलेले पत्र तिथे कशासाठी होते, हे फक्त त्याच्या जागेवरूनच कळते. कोणतेही खोके हलवण्यापूर्वी मूळ मांडणीची छायाचित्रे घ्यावीत. क्रम खरोखरच नाहीसा झाला असेल, तर पत्रव्यवहार, रोजनिश्या, लेखन, अध्यापन, छायाचित्रे अशी साधी विभागणी करावी आणि ती आपण केली आहे, हे सूचीत स्पष्ट लिहावे.

कागदांचे जतन

जतनावरचा पैसा आधी इमारतीवर, मग खोक्यांवर, आणि सर्वांत शेवटी एकेका कागदाच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा. छत गळत नाही, खोलीतून पाण्याची नळी जात नाही, सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर आहे आणि हवेतील आर्द्रता फार चढउतार करत नाही, एवढे साधले तर बहुतांश नुकसान टळते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळू लागली की बुरशीचा धोका वाढतो. बाहेरून आलेले प्रत्येक खोके आधी वेगळ्या खोलीत ठेवून कसर, वाळवी आणि बुरशी तपासावी. कीड आढळल्यास कागद प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला किमान आठवडाभर गोठवणे हा रसायनांपेक्षा सुरक्षित उपाय आहे. छायाचित्रे आणि काचेच्या वा प्लास्टिकच्या निगेटिव्हांवर मात्र तो तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये.

आम्लविरहित खोकी आणि लखोटे घ्यावेत. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि गंजणाऱ्या टाचण्या यांना अभिलेखागारात थारा नसावा. वृत्तपत्रांची कात्रणे शेजारच्या कागदालाही पिवळे करतात, म्हणून ती वेगळी ठेवावीत. थर्मल कागदावरचे फॅक्स आणि पावत्या पाहता पाहता पुसट होतात. त्यांची प्रत लगेच काढावी. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म आढळली तर ती इतर फिल्मपासून त्वरित दूर करावी, कारण ॲसिटेट फिल्मचा हा ऱ्हास शेजारच्या फिल्मलाही वेग देतो.

डिजिटल कागद थांबत नाहीत

१९८० नंतर सक्रिय असलेल्या जवळपास प्रत्येक व्यक्तीच्या संग्रहात आता फ्लॉपी, सीडी, पेन ड्राइव्ह, लॅपटॉप आणि ई-मेल खाती असतात. कागद दुर्लक्षित राहिला तरी पन्नास वर्षे टिकू शकतो. दुर्लक्षित हार्ड डिस्क तशी टिकेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून डिजिटल भाग संग्रह आल्यानंतर काही महिन्यांतच उतरवून घ्यावा, मग त्याच संग्रहातील कागदांची सूची व्हायला तीन वर्षे लागली तरी चालेल.

उतरवण्याची पद्धत ठरलेली असावी. माध्यम संगणकाला थेट जोडू नये, कारण नुसत्या जोडण्यानेही फायलींच्या तारखा बदलू शकतात; मध्ये राइट ब्लॉकर, म्हणजे माध्यमावर काहीही लिहिले जाऊ न देणारे साधन, लावावा. संपूर्ण माध्यमाची डिस्क इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, घ्यावी, प्रत्येक फायलीचा चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, काढून नोंदवावा, विषाणूंची तपासणी करावी आणि फायलींचे प्रकार ओळखून घ्यावेत. बिटक्युरेटर हा मुक्त सॉफ्टवेअर-संच यासाठीच तयार झाला आहे, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ड्रॉइड हे साधन फायलींचे प्रकार ओळखते. नंतर तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, ही शिस्त पाळावी आणि चेकसम ठरावीक काळाने पुन्हा पडताळून पाहावेत. पडताळणी नसलेली प्रत म्हणजे जतन झाले असे समजू नये.

ई-मेलचा प्रश्न दात्याच्या हयातीतच सोडवावा लागतो. खात्याची किल्ली त्यांच्याकडे असते आणि त्यांच्या निधनानंतर सेवा देणारी कंपनी ते खाते वारसांसाठी उघडेलच असे नाही. दात्यासोबत बसून ई-मेल निर्यात करून घ्यावी. स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले ई-पॅड हे साधन त्यातील संवेदनशील मजकूर शोधायला मदत करते.

जुना संगणक जसाच्या तसा दाखवता येतो, याचे गाजलेले उदाहरण एमरी विद्यापीठाचे आहे. सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांसोबत त्यांचे ॲपल संगणकही तेथे आले, आणि २०१० पासून अभ्यासकांना इम्युलेशनद्वारे, म्हणजे नव्या संगणकावर जुन्याचे हुबेहूब अनुकरण करून, त्यांपैकी एकाचा मूळ पडदा आणि फायली पाहता येऊ लागल्या. हे काम मोहक आहे. पण साधने आणि माणसे कमी असतील तर पहिले प्राधान्य सुरक्षित प्रतीला द्यावे. इमेज नीट घेतलेली असेल तर इम्युलेशन वीस वर्षांनीही करता येईल.

डिजिटायझेशन, म्हणजे कागदांचे स्कॅनिंग, हे याहून वेगळे काम आहे आणि त्याची गल्लत होऊ देऊ नये. सूची नसलेला संग्रह स्कॅन करू नये. हजारो चित्रे तयार होतात, त्यांत काही शोधता येत नाही आणि त्यांच्या साठवणुकीचा खर्च दरवर्षी चालू राहतो.

तिसऱ्या व्यक्तींचा खाजगीपणा

विद्यापीठातील व्यक्तीच्या कागदांत इतरांचे आयुष्य दडलेले असते : विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रे, निवड समितीतील शेरे, अप्रकाशित लेखांवरील गोपनीय अभिप्राय, मुलाखत दिलेल्यांची नावे, रुग्णांच्या नोंदी. ही माणसे दात्याच्या करारात पक्षकार नसतात आणि त्यांना कोणी विचारलेलेही नसते. म्हणून असे प्रकार आधीच यादीत घ्यावेत आणि प्रत्येकासाठी बंद ठेवण्याची मुदत ठरवावी. शक्य तिथे संपूर्ण खोक्याऐवजी तेवढीच धारिका बंद करावी आणि ती बंद असल्याचे व कधी उघडेल याचे वर्ष सूचीत दाखवावे. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू असलेला विदासंरक्षण नियम हयात व्यक्तींना लागू होतो, मृतांना नाही. देशोदेशीचे कायदे वेगळे असल्याने विद्यापीठाच्या विधी विभागाचा सल्ला धोरण लिहितानाच घ्यावा. चूक झाल्याची तक्रार आली तर मजकूर तात्पुरता काढून तपासण्याची पद्धत संकेतस्थळावर जाहीर असावी.

माणसे, पैसा आणि तीन वर्षांचे नियोजन

हे सारे काम प्रकल्पाच्या तात्पुरत्या निधीवर चालत नाही. प्रकल्पातून सूची होईल, स्कॅनिंग होईल. पण चेकसम पडताळणे, दात्यांशी संपर्क ठेवणे आणि वाचकांना उत्तर देणे यासाठी कायम पदे लागतात, आणि अधिकारमंडळासमोर हीच मागणी सर्वांत आधी ठेवावी. संग्रह स्वीकारताना त्याचा पूर्ण खर्च मांडावा : वाहतूक, खोकी, सूचीचे तास, डिजिटल साठवणूक, फळीवरची जागा. मोठा संग्रह देणाऱ्या कुटुंबाला किंवा संस्थेला त्या खर्चात वाटा उचलण्याची विनंती करण्यात काहीच गैर नाही.

नियोजन तीन वर्षांचे असावे. पहिल्या वर्षी पाहणी, संग्रहधोरण, कराराचा नमुना आणि धोक्यातील माध्यमांच्या प्रती. दुसऱ्या वर्षी सर्व संग्रहांची ढोबळ सूची पूर्ण करून ती सार्वजनिक करणे आणि जुने करार मिळवणे. तिसऱ्या वर्षी ज्या संग्रहांची मागणी आहे त्यांची सखोल सूची आणि निवडक डिजिटायझेशन. पहिल्या वर्षात नव्या संग्रहांचा स्वीकार कमी करावा लागेल. जे खरोखर नष्ट होण्याच्या बेतात आहेत तेवढेच घ्यावेत.

प्रगती मोजताना एकूण मीटर लांबीसोबत आणखी तीन आकडे दरवर्षी अहवालात द्यावेत : किती टक्के साठ्याची सार्वजनिक नोंद आहे, किती संग्रहांचा लेखी करार आहे, आणि किती वाचकांनी किती खोकी मागवली. अध्यापनाशी जोडणी केल्याशिवाय शेवटचा आकडा वाढत नाही. एखाद्या विषयाच्या वर्गात पंचवीस विद्यार्थ्यांसमोर रोजनिशीचे एक पान आणि त्याच लेखाचे तीन खर्डे ठेवले, की अभिलेखागार म्हणजे काय हे त्यांना एका तासात समजते, आणि त्यांतले एक-दोन जण पुढच्या आठवड्यात स्वतःहून परत येतात.

शेवटी अभिलेखपाल बदलतो तेव्हाचा प्रश्न. दात्यांशी झालेली तोंडी बोलणी, अर्धवट राहिलेल्या भेटी, कोणत्या घरात अजून दोन पेट्या आहेत याची माहिती हे सगळे बहुधा एकाच माणसाच्या स्मरणात असते. प्रत्येक भेटीनंतर तारीखवार टिपण संग्रहाच्या धारिकेत घालण्याचा नियम करावा, आणि नवा माणूस रुजू झाल्यावर जुन्याने त्याला निदान महत्त्वाच्या दात्यांच्या घरी स्वतः घेऊन जावे.